ते सहा कोण?

लकवा म्हणजे काय, हे आमच्या राजूर-वणी भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कोळशाच्या खाणीत उतरणारा असो, चुन्याच्या भट्टीवर राबणारा असो की कापसाच्या शेतात निंदण करणारी बाई असो, प्रत्येकाच्या ओळखीत असा एक तरी माणूस असतो, ज्याचा हात छातीशी आखडलेला आहे आणि जो एक पाय ओढत संध्याकाळी पानठेल्यापर्यंत येतो. पुस्तकात या आजाराला पक्षाघात म्हणतात. आमच्या घरातली जुनी माणसं फालिज म्हणायची. कुणी म्हणतं, अंगावरून वारं गेलं. नावं वेगवेगळी असली तरी त्या सगळ्यांमागची समजूत एकच, की हा हातापायांचा रोग आहे. म्हणून मग उपायही हातापायांवरच होतात. गरम तेलानं चोळा, शेक द्या, कुठून तरी कबुतर पैदा करा आणि त्याचं रक्त अंगाला लावा. असे चार-सहा तास हातापायांवर जातात आणि रोग तर डोक्यात असतो.

मेंदूला रक्त पुरवणारी एखादी नळी बंद पडते किंवा फुटते, त्याचं नाव लकवा. दहांपैकी सात-आठ वेळा नळी बंद पडलेली असते. रक्ताची गुठळी येऊन अडकते आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासं होतं. अमेरिकेतले मेंदुरोगतज्ज्ञ डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये एक हिशेब मांडला होता. मोठी नळी बंद पडली आणि उपचार झाला नाही, तर दर मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. तेल गरम व्हायला लागतात त्या पाच मिनिटांत जवळपास एक कोटी. हा आकडा मी वाचला तेव्हा घड्याळाच्या टिकटिकीकडे काही दिवस मला नीट पाहवलं नाही.

या गुठळीवर एक औषध आहे. त्याचं नाव टी-पीए. खरं म्हणजे ते आपल्याच शरीरातलं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात ते थोडंथोडं तयार होत असतं आणि नको तिथं जमलेल्या गुठळ्या विरघळवण्याचं काम करत असतं. तेच कारखान्यात तयार करून शिरेतून द्यायचं. डिसेंबर १९९५ मध्ये त्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. अमेरिकेतले ६२४ रुग्ण, लकवा झाल्यापासून तीन तासांच्या आतले. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं पाणी म्हणावं तसं औषध. तीन महिन्यांनी पाहिलं, तर पाणीवाल्यांपैकी शंभरात २६ जण जवळपास पूर्ववत झाले होते, औषधवाल्यांपैकी ३९. पुढे २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीनं दाखवून दिलं, की साडेचार तासांपर्यंतही या औषधाचा उपयोग होतो, मात्र उशिराबरोबर तो कमी होत जातो. आता त्याचंच धाकटं भावंड म्हणता येईल असं टेनेक्टेप्लेज आलं आहे. टी-पीएचं ठिबक तासभर चालतं, टेनेक्टेप्लेज एकाच दमात टोचता येतं. आपल्या पुण्यातली जेनोव्हा कंपनी ते तयार करते. अमेरिकेनं लकव्यासाठी त्याला २०२५ मध्ये मान्यता दिली, भारतात परवानगी त्याच्या आधीच मिळालेली होती.

इतकं सगळं चांगलं सांगितल्यावर आता त्यातला काटा सांगायला हवा. त्या १९९५ च्या चाचणीत औषध घेतलेल्या शंभरांपैकी सहांहून थोड्या अधिक लोकांच्या मेंदूत पहिल्या छत्तीस तासांत रक्तस्राव झाला आणि त्यांची प्रकृती त्यामुळे बिघडली. ज्यांना औषध दिलं नव्हतं, त्यांच्यात असं हजारात सहा जणांना झालं. म्हणजे हा धोका औषधामुळे दहापट वाढतो. रक्त वाहतं करायला जे औषध दिलं, तेच काही जणांच्या बाबतीत रक्त बाहेर सांडतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या मामूंना सकाळी वजू करताना लकव्याचा झटका आला. ओंजळीत पाणीच ठरेना. घरातल्या सुनेच्या लक्षात आलं आणि तिनं कुणाचं न ऐकता गाडी बोलावली, म्हणून ते वेळेत मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात पोचले. सीटी स्कॅन झाला. नळी फुटलेली नव्हती, बंद पडलेली होती. एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी अगदी सरळ सांगितलं, की इंजेक्शन द्यायला हवं, फायदा होण्याची शक्यता चांगली आहे, पण शंभरात सहा जणांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, सही करा. मामूंचा मोठा मुलगा खाणीत काम करतो. हिशेबाला पक्का माणूस. त्यानं विचारलं, "बाईसाहेब, ते सहा कोण? आमचे अब्बा त्यांच्यात आहेत का नाहीत, हे रक्त तपासून आधी कळत नाही का?"

डॉक्टरीणबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "तेच शोधायचं काम जगभर चालू आहे. पण आज मी तुम्हाला ते सांगू शकत नाही."

त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं फोन चालले. आदिलाबादचे चाचा, हिंगणघाटची फुफी, सगळ्यांना विचारून झालं. शेवटी मुलानं सही केली. मामूंना रक्तस्राव झाला नाही. आज ते चालतात, बोलतात, फक्त उजव्या हाताची बोटं सदऱ्याची गुंडी लावू देत नाहीत. माझ्या डोक्यात मात्र 'ते सहा कोण' हा प्रश्न घर करून राहिला. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर तुटला. पण ओळखीच्या डॉक्टरांना विचारत गेलो, मिळेल ते वाचत गेलो. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

आधी एक शब्दांची गंमत. आमच्या घरातल्या उर्दूत खून म्हणजे रक्त. मराठीत खून म्हणजे माणूस मारणं. आणि तोच न जरा टाळूकडे वळवून ण केला, की होते खूण. डॉक्टर मंडळी ज्याला इंग्रजीत मार्कर म्हणतात, ती ही खूण. रक्तातलं एखादं द्रव्य नेहमीपेक्षा वाढलं किंवा घटलं, तर त्यावरून पुढे काय होणार याचा अंदाज घ्यायचा. रक्तातल्या खुणेवरून रक्तस्राव ओळखायचा, म्हणजे खून में खूण.

आता औषधानं रक्तस्राव का होतो, ते पाहू. राजूरच्या माणसाला हे समजायला सोपं जाईल, कारण आमचं गाव चुन्याचं आहे. चुनखडी भट्टीत कोळशाबरोबर भाजायची, कळीचा चुना काढायचा, तो विझवायचा. सिमेंट येण्याआधी वाडे, विहिरी, मशिदी, देवळं सगळं याच चुन्यात बांधलं जायचं. वाळू आणि चुना घाणीत बैल लावून मळायचे आणि त्यात दगड-विटा बसवायच्या. विटा दिसतात, पण भिंत धरून ठेवतो तो चुना. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांची भिंतही अशीच असते. पेशी म्हणजे विटा. त्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की रक्तातली नको ती द्रव्यं मेंदूत झिरपत नाहीत. आणि या पेशींच्या खाली एक पातळ थर असतो, कोलॅजन वगैरे प्रथिनांचा. तो या भिंतीचा चुना.

रक्त बंद झालं, की नळीची भिंतही उपाशी पडते. तासागणिक ती ढिली होत जाते. त्यातच शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशी तिथं धावून येतात. त्यांच्या पोटात एक द्रव्य तयार भरून ठेवलेलं असतं. त्याचं नाव लांबलचक आहे, मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-९. आपण एमएमपी-९ म्हणू. जखम भरताना जुना, खराब झालेला थर साफ करायचा, हे त्याचं एरवीचं काम. पण इथं ते नळीच्या भिंतीतला चुनाच खायला लागतं. टी-पीए औषधही या द्रव्याला चालना देतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. आता कल्पना करा. पाटात दगड अडकून पाणी थांबलंय, आणि पुढच्या पाटाचा काठ आतून भुसभुशीत झालाय. दगड लवकर काढला, तर पाणी नीट वाहतं. काठ पार ढासळल्यावर दगड काढला, तर तेच पाणी शेतात घुसतं. उशिरा दिलेलं औषध जास्त धोक्याचं का, याचं उत्तर यात आहे.

स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात होआन मोंतानेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नेमकं हेच तपासलं. टी-पीए देण्याआधी रुग्णाचं थोडं रक्त काढून ठेवलं, त्यातलं एमएमपी-९ मोजलं आणि मग कुणाच्या मेंदूत किती रक्त सांडलं, ते पाहिलं. जिथं मोठा रक्तस्राव झाला, तिथं औषधाच्या आधीच हे द्रव्य बरंच वाढलेलं होतं. जितकं द्रव्य जास्त, तितका रक्तस्राव मोठा. रुग्ण थोडेच होते, चाळीसेक. पण वाट सापडली होती. पुढच्याच वर्षी स्पेनमधूनच आणखी एक खूण पुढे आली, फायब्रोनेक्टिन. हे रक्तवाहिनीच्या भिंतीतलं प्रथिन. ते रक्तात जास्त दिसायला लागलं, तर समजायचं, की भिंत झडते आहे. एमएमपी-९ हा चुना खाणारा किडा म्हटला, तर फायब्रोनेक्टिन म्हणजे खाली पडलेले पोपडे.

मग अडचण कुठं आहे? अडचण वेळेची आहे. ही द्रव्यं मोजायची रीत प्रयोगशाळेची, तिला तास लागतात. आणि इथं दर मिनिटाला १९ लाखांचा खर्च चालू आहे. रक्ताचा अहवाल येईपर्यंत औषधाची वेळ टळून गेलेली असेल. शिवाय एमएमपी-९ संसर्गात वाढतं, सुजेत वाढतं, हृदयविकारात वाढतं. म्हणजे ही खूण फक्त याच रोगाची नाही.

म्हणून संशोधकांनी नेहमीच्या, कुठेही होणाऱ्या तपासण्यांकडे पुन्हा पाहायला सुरुवात केली. तुम्ही तालुक्याच्या लॅबमध्ये सीबीसी करता ना, त्यात पांढऱ्या पेशींचे प्रकार दिलेले असतात. न्यूट्रोफिल इतके टक्के, लिम्फोसाइट इतके टक्के. एकाला दुसऱ्यानं भागायचं. न्यूट्रोफिल खूप आणि लिम्फोसाइट कमी, असं गुणोत्तर निघालं, तर रक्तस्रावाचा धोका जास्त असतो, असं गेल्या दहा-बारा वर्षांत अनेक ठिकाणी आढळलं आहे. हेही वरच्या गोष्टीशी जुळतं, कारण ते चुना खाणारं द्रव्य न्यूट्रोफिलच्याच पोटात असतं. पण हे गुणोत्तर किती झालं म्हणजे धोका समजायचा, याची रेषा एकानं इथं ओढली आहे, दुसऱ्यानं तिथं.

रक्तातली साखर ही त्याहून साधी खूण. दवाखान्यात येतानाच ती खूप वाढलेली असेल, तर रक्तस्रावाची शक्यता वाढते. बोटाला टोचून मिनिटभरात कळते. आणि आश्चर्य वाटेल, पण टी-पीए देण्याआधी जिचा निकाल हातात असलाच पाहिजे, अशी रक्ताची एकच तपासणी जागतिक मार्गदर्शक सूचनांत सांगितली आहे आणि ती साखरेची. यात दुसरंही कारण आहे. साखर फार उतरली, तरी हुबेहूब लकव्यासारखी लक्षणं दिसतात. साखर दिली, की माणूस उठून बसतो. बाकी प्लेटलेट एक लाखाच्या खाली असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे आयएनआर १.७ च्या वर गेला असेल, तर हे औषध देत नाहीत. पण तशी शंका घ्यायला काही कारण नसेल, तर त्या निकालांसाठी थांबायचं नाही, असंही त्या सूचना सांगतात.

आणखी एक खूण आहे आणि मला ती सगळ्यांत कामाची वाटते. फायब्रिनोजन. रक्त गोठताना ज्याचे धागे होतात, ते हे द्रव्य. टी-पीएचं काम गुठळीतले धागे कापायचं. पण काही जणांच्या बाबतीत ते रक्तातल्या सुट्या फायब्रिनोजनचाही फडशा पाडतं. औषधानंतर दोन-चार तासांत ते शंभर मिलिलिटर रक्तामागे २०० मिलिग्रॅमच्या खाली आलं, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ही खूण औषध द्यायचं की नाही ते सांगत नाही, कारण ती औषध दिल्यानंतर उमटते. पण ती पुढची तयारी सांगते. रक्तस्राव झालाच, तर क्रायोप्रेसिपिटेट नावाचा रक्तघटक द्यावा लागतो. रक्तपेढीत गोठवलेल्या प्लाझ्मापासून तो काढतात आणि त्यात फायब्रिनोजन भरपूर असतं. तो वितळवायला, आणायला वेळ लागतो. कुणाच्या उशाशी तो तयार ठेवायचा, हे आधी कळलं, तर एखादा जीव वाचू शकतो. मला वाटतं, खुणांचा उपयोग माणसाला औषधापासून दूर ठेवण्यापेक्षा औषध दिल्यावर त्याच्यावर डोळा ठेवण्यासाठी अधिक आहे.

चांगली खूण कशी असावी, हे पाहायला आपल्याला स्पेनला जायची गरज नाही. आपल्या खेड्यापाड्यांत घोणस किंवा फुरसं चावलेला शेतकरी सरकारी दवाखान्यात आला, की डॉक्टर त्याचं दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि नळी न हलवता वीस मिनिटं ठेवून देतात. मग नळी तिरपी करून पाहतात. रक्त गोठलं नाही, पाण्यासारखं ओघळलं, तर विषानं रक्ताची गोठण्याची ताकद खाल्लेली आहे. सर्पदंशाची लस चालू करा. ना यंत्र, ना वीज, ना कुरिअरनं नमुना पाठवणं. आणि त्या खुणेवरून पुढे काय करायचं, हे ठरलेलं. लकव्याच्या बाबतीत अशी काचेची नळी अजून कुणाला सापडलेली नाही.

समजा, सापडली. तरी एक गणित उरतंच. माझ्या मामेभावाला मी हे कागदावर मांडून दाखवलं, तुम्हीही मनातल्या मनात करून पाहा. आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. शंभर रुग्ण आले. त्यांतल्या सहांना रक्तस्राव होणार आहे. तपासणी बऱ्यापैकी हुशार आहे, सहांपैकी पाच जणांना ती बरोबर पकडते. पण उरलेल्या ९४ मध्ये २० जण असे आहेत, ज्यांना काहीच होणार नाही, तरी ती त्यांच्याकडेही बोट दाखवते. म्हणजे धोका म्हणून २५ जण बाजूला काढले, त्यांत खरे पाच. या २५ जणांना औषध नाकारलं, तर २० जणांचं नुकसान झालं, ज्यांच्यातले काही स्वतःच्या पायांनी घरी गेले असते. आणि ज्या ७५ जणांना 'तुम्हाला काही होणार नाही' म्हणून सांगितलं, त्यांत एक जण तो सहावा आहेच. तपासणी हुशार असूनही हे होतं. रोग विरळा असला, की बोट दाखवलेल्यांत निर्दोषच जास्त सापडतात. आमच्या समाजाला या गणिताचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी आहे, पण तो विषय आज नको.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि ती दवाखान्याच्या दारात सही करताना कुणी नीट सांगत नाही. ते सहा जण त्या चाचणीच्या हिशेबाबाहेर ठेवलेले नाहीत. २६ च्या जागी ३९ जण बरे झाले, हा आकडा रक्तस्राव झालेल्यांना धरून आहे. मृत्यूंचं पाहिलं, तर तीन महिन्यांत औषध न घेतलेले शंभरांत २१ दगावले आणि औषध घेतलेले १७. रक्तस्रावाचे बळी त्या सतरांमध्ये मोजलेले आहेत. म्हणजे 'फायदा इतका, वजा धोका इतका' असं आपण मनात करतो, ती वजाबाकी आधीच झालेली असते. नातेवाईक ती पुन्हा एकदा करतात आणि भिऊन मागे सरतात. 'नको, इंजेक्शन देऊ नका, आहे तसं राहू द्या' म्हणणाऱ्याला वाटतं, आपण धोका टाळला. पण आहे तसं काही राहत नसतं.

शिवाय सहाचा आकडाही आता जुना झाला आहे. २०२२ मध्ये कॅनडात दीड हजारांवर रुग्णांवर टी-पीए आणि टेनेक्टेप्लेज यांची तुलना झाली. तिथं दोन्ही औषधांत असा रक्तस्राव शंभरात तीन ते साडेतीन जणांनाच झाला. रक्तस्राव मोजायची व्याख्या प्रत्येक चाचणीत थोडी वेगळी असते, त्यामुळे थेट तुलना करू नये; पण रुग्ण नीट निवडणं आणि रक्तदाब आवरणं, या दोन्हींचा उपयोग होतो, हे खरं. औषधाआधी रक्तदाब १८५/११० च्या खाली आणायचा आणि नंतर चोवीस तास १८०/१०५ च्या वर जाऊ द्यायचा नाही. रक्तदाब मोजायचा पट्टा ही काही रक्तातली खूण नव्हे. पण एमएमपी-९ मोजणारं यंत्र येईपर्यंत ढिल्या झालेल्या भिंतीवरचा जोर कमी करायचं खात्रीचं साधन हेच आहे.

मी हे इतकं सांगतो आहे, कारण उद्या कुणीतरी 'मेंदूतला रक्तस्राव आधीच सांगणारी तपासणी' म्हणून पॅकेज विकायला येईल. चकचकीत कागद असेल, पाच-सहा अवघड नावं असतील. त्या वेळी इतकंच विचारायचं, की ही तपासणी किती मिनिटांत होते आणि तिच्या निकालावरून डॉक्टर वेगळं काय करणार? या दोन प्रश्नांना उत्तर नसेल, तर पैसे खिशात ठेवावेत. संशोधन थांबलेलं नाही. दोन-तीन खुणा एकत्र करून, वय, साखर, सीटी स्कॅन आणि लकव्याची तीव्रता यांच्या बेरजेतून अंदाज बांधायचे प्रयत्न चालू आहेत. बोटाच्या थेंबातून काही मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्ट्यांवरही काम चालू आहे. मला त्यांच्याबद्दल आशा आहे. पण ज्या गावातून दवाखाना गाठायला तीन तास लागतात, तिथं चौथ्या तासाला कामाला येणाऱ्या तपासणीची चर्चा थोडी श्रीमंतीची वाटते, हेही कबूल केलं पाहिजे.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ८६ गावांत २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली. २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मृत्यूच्या कारणांत पहिला क्रमांक कुणाचा निघाला? मलेरियाचा नाही, क्षयाचा नाही. लकव्याचा. दर सात मृत्यूंमागे एक. आणि लकव्यानं गेलेल्यांपैकी शंभरातले ८७ जण घरीच गेले. त्यांच्यासाठी शंभरातल्या सहांचा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. त्या रांगेत उभं राहायलासुद्धा ते पोचले नाहीत.

आमच्या राजूरहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या वर, नागपूर त्याहून लांब, चंद्रपूर त्यामानानं जवळ. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची गाडी आहे. पण गाडीत बसण्याआधी घरच्यांनी दोन-तीन गोष्टी केल्या, तर डॉक्टरांचं निम्मं काम हलकं होतं. एक म्हणजे वेळ. लकवा कधी लक्षात आला ती वेळ नव्हे, माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ. रात्री दहाला चांगला झोपला आणि पहाटे पाचला उठताना हात उचलेना, तर घड्याळ दहापासून धरतात. अशा वेळी काही मोठ्या दवाखान्यांत एमआरआय करून पुढचा निर्णय घेता येतो, म्हणून वेळ निघून गेली असं घरीच ठरवून टाकायचं नाही. दुसरी गोष्ट गोळ्यांची. म्हातारं माणूस कोणत्या गोळ्या घेतं, हे घरात पुष्कळदा त्या एकट्या माणसालाच माहीत असतं, आणि नेमकी त्याचीच वाचा गेलेली असते. तेव्हा उशाखालचा, कपाटातला, सुपारीच्या डब्यातला, असेल तिथला गोळ्यांचा सगळा पसारा पिशवीत भरून बरोबर न्यायचा. त्यात रक्त पातळ करणारी एखादी गोळी असेल, वॉरफरिन किंवा अलीकडच्या नव्या गोळ्यांपैकी एखादी, तर डॉक्टरांचा पुढचा बेत बदलतो. नव्या गोळ्यांपैकी काहींचा अंमल नेहमीच्या आयएनआर तपासणीत धड दिसत नाही. तिथं रक्त खूण देत नाही, पिशवीतली अर्धी रिकामी पट्टी देते. त्या पट्टीवरून शेवटची गोळी कधी घेतली, हे सांगणारं कुणीतरी गाडीत बरोबर बसलेलं असावं.